सड्यावरची फुले आणि त्यांची ओळख



वैशाखाच्या ऐन तापात, उन्हाने भाजून निघालेल्या या शहरात, मी आपल्यापुढे भाद्रपदातल्या ओल्या फुलांविषयी बोलावयास उभा आहे. विषय जाहीर झाला तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, "मास्तर, फुलांवर तासभर काय बोलणार? देवाला वाहावीत, वेणीत माळावीत, संपले." मी त्यांना म्हटले की मी ज्या फुलांविषयी बोलणार आहे ती देवाला वाहिलेली मी पाहिली नाहीत आणि वेणीत माळण्याइतकी ती मोठीही नसतात, पुष्कळशी तर तांदळाच्या दाण्याएवढी असतात. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. आज ते समोरच बसले आहेत.

डोंगरावरची फुले म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हिमालय येतो. १९३१ साली कामेट शिखर चढून परत येताना फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक गढवालातल्या एका दरीत उतरला. पुढे तिच्यावर त्याने पुस्तक लिहिले आणि ती दरी 'फुलांची दरी' म्हणून जगात गाजली. तेथे जावे, अवश्य जावे. परंतु सोलापूरच्या माणसाने त्याआधी एस.टी.त बसून साताऱ्याला जावे असे माझे म्हणणे आहे. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी असा माणदेशातून रस्ता जातो. दहिवडीपर्यंत खिडकीबाहेर आपलाच मुलूख असतो, बाभळ, बोर आणि उघडा मुरूम. आपल्याकडे वर्षाकाठी २०-२२ इंच पाऊस पडतो, आणि साताऱ्यापलीकडे महाबळेश्वरला २०० इंचांच्या वर. एका दिवसाच्या प्रवासात आपण एवढा फरक ओलांडून जातो आणि वाटेत डुलक्या घेतो!

साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साधारण १२०० मीटर. अशा डोंगरमाथ्यावरच्या सपाट, बोडक्या, खडकाळ जागेला आपल्या लोकांनी 'सडा' असे नाव दिले आहे. अंगणात घालतात तो सडा निराळा. हिमालयात फार उंचावर झाडे संपतात ती थंडीमुळे. आमच्या सड्यावर झाडे नाहीत याचे कारण थंडी नव्हे, तेथे मातीच नाही. खाली सह्याद्रीचा काळा कातळ आणि त्यावर जांभ्याचे टोपण. कोकणात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात तोच हा तांबडा, भोकाभोकांचा जांभा. त्याच्या पाठीवर कोठे बोटभर, कोठे वीतभर माती. पाऊस आला की ती चिंब होते, पाऊस गेला की पंधरवड्यात कोरडी ठणठणीत. झाडाला मूळ रोवावयास जागा नाही. पण ज्याला तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून निघून जावयाचे आहे अशा चिमुकल्या जिवाला एवढी माती पुष्कळ झाली. हिमालयातल्या फुलाला बर्फाची घाई, सड्यावरच्या फुलाला उन्हाची. घाई मात्र दोघांनाही सारखीच, आणि म्हणून दोन्हीकडे फुले एकदम, दाटीवाटीने येतात.

मी पहिल्यांदा कासला गेलो तो गणपतीच्या सुट्टीत. धुके होते. समोर निळसर-जांभळा गालिचा पसरलेला. गालिचा हा शब्द फार वापरून झिजला आहे, पण मला दुसरा सुचत नाही. जवळून पाहावे म्हणून मी आनंदाने आत शिरलो, तोच मागून हाक आली, "अवो पाव्हणं, पाय कुठं ठिवताय?" गुरांमागे आलेले एक म्हातारे गृहस्थ होते, डोईवर घोंगडीची खोळ. मी पायाखाली पाहिले. बुटाने दाबलेल्या चिखलात पाचपन्नास फुले तरी गेली होती. म्हातारबुवा म्हणाले, "सीताबाईची आसवं हायती ती. कातळावर पाय द्या की, कातळ काय मरत न्हाई." वनस्पतिशास्त्राचा माझा पहिला धडा तो. पुढे कितीतरी पुस्तके चाळली, पण सड्यावर पाय कोठे ठेवावा हे त्यांपैकी एकातही इतक्या थोडक्यात सांगितलेले नाही.

सीतेची आसवे म्हणजे युट्रिक्युलेरिया. नाव करुण आहे, पण वनस्पती शिकारी आहे बरे का! सड्यावरच्या मातीत नत्र फार थोडे असते. एवढ्या पावसात ते टिकणार कसे? म्हणून या वनस्पतीने दुसरा मार्ग काढला आहे. ओल्या मातीत तिला मोहरीहून बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीला झडप. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेच्या केसाला लागला की झडप उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि झडप मिटते. वर आसवे आणि खाली सापळा. तिच्याच शेजारी दवबिंदू नावाची वनस्पती असते. तिच्या पानांवरच्या तांबूस केसांच्या टोकांशी चकचकीत चिकट थेंब असतात. बारीक किडा दव समजून बसतो आणि तेथेच राहतो. या दोघी एकत्र दिसल्या की समजावे, येथे पाणी झिरपते आहे आणि माती निकस आहे.

आता हे मी मुद्दाम आधी सांगितले. फूल ओळखावयाचे म्हणजे काय करावयाचे, याची सुरुवात येथून होते. आपण सारे काय करतो? रंग पाहतो. घरी आल्यावर म्हणतो, एक पिवळे फूल होते हो, फार सुंदर! यावरून कोणालाही काही सांगता येणार नाही. पहिला प्रश्न असा विचारावा की हे उभे कोठे आहे? उघड्या कातळाच्या भेगेत, पाण्याच्या डबक्यात, झिरपणाऱ्या उतारावर, की गवतात? दुसरे पाहावे ते पान: पाने समोरासमोर आहेत, की एकाआड एक, की सगळी जमिनीलगत? मग दांडा बोटांत हलकेच धरून पाहावा, उपटू नये. दांडा चौकोनी, पाने समोरासमोर आणि चुरगळलेल्या पानाला वास असेल तर तुळशीच्या घराण्याचा संशय घ्यावा. आणि मग, सर्वांत शेवटी, फुलाकडे वळावे.

आपण म्हणाल, ही घराणी आम्हाला कोठली ठाऊक? मी म्हणतो, आपल्याला ती मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा जास्त ठाऊक आहेत. आपल्यापैकी निम्म्यांची शेती आहे, उरलेल्यांचे मामा शेतकरी आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस सड्यावर पिवळाच पिवळा रंग असतो. त्या पिवळ्यात निदान तीन निरनिराळी घराणी नांदत असतात. एक सोनकी. हिचे एक फूल म्हणजे एक फूल नव्हेच, ती पंगत आहे. कडेने जिभांसारखी लांबट फुले, मध्ये बारीक नळ्यांसारखी पुष्कळ फुले, आणि सगळ्यांना मिळून खाली एक हिरवी वाटी. आपण हे कोठे पाहिले आहे? सूर्यफुलात, झेंडूत, शेवंतीत. आपल्या शेतातली करडईही याच घराण्यातली. तिला मात्र जिभा नाहीत, नुसत्या नळ्या. दुसरा कवला. याची पाकळी उलगडून पाहा: एक मोठी मागे उभी, दोन बाजूंना पंखांसारख्या, आणि खाली दोन एकमेकींना चिकटून होडीसारख्या. ही तर तूर झाली! हरभरा, भुईमूग, सगळ्यांचा घाट हाच. कवल्याच्या मागच्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके असतात, आणि अलीकडची मुले त्याला मिकी माऊस म्हणतात. म्हणोत बापडी, पण तुरीचा भाऊ म्हटले तर जास्त लक्षात राहील. तिसरे फूल नाजूक, पाच सारख्या पाकळ्यांचे, वाऱ्यावर सतत हलणारे. ते जवसाच्या घराण्यातले. आपल्या चटणीच्या जवसाचे फूल निळे, याचे पिवळे, आकाराने लहान. आपण त्याला रानजवस म्हणू. तीन पिवळी फुले, तीन घराणी, आणि तिन्ही आपल्या शिवारात आधीच भेटलेली.

याच रीतीने पुढे जाता येते. तेरडा सर्वांना माहीत आहे, गौरीला आणतो तो. त्याच्या रंगाची म्हणही आपण जन्मभर वापरतो. सड्यावरचा ठेंगणा गुलाबी तेरडा हा त्याचाच भाऊबंद. फुलामागे मधाची बारीक शेपटी आणि पिकलेल्या बोंडाला बोट लावताच बिया उडणार. या उतावळेपणावरूनच शास्त्रज्ञांनी त्या वंशाला 'इम्पेशन्स' असे नाव ठेवले. कारवी ही अबोली-कोरांटीच्या घराण्यातली. ती सात वर्षांतून एकदा फुलते, एकेका उतारावरची सगळी झाडे एकदम, आणि बी धरले की मरून जातात. यात एक गैरसमज मात्र सर्वत्र आहे. सात वर्षे म्हणजे सगळ्या सह्याद्रीत एकच साल असे नव्हे. या डोंगराची पाळी यंदा, पलीकडच्या डोंगराची आणखी दोन वर्षांनी असेही असते. म्हणून कारवी पाहावयास जाताना गावात चौकशी करून जावे. ज्यांच्या घराच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या आहेत, त्यांना ते बिनचूक ठाऊक असते.

महिनाही महत्त्वाचा आहे. लोक म्हणतात, "कासला जाऊन आलो, काही नव्हते." अहो, आपण केव्हा गेला होता? आषाढाच्या सुमारास पांढऱ्याचे राज्य, दीपकाडी, मुसळी, पुढे पांदेच्या छत्र्या. श्रावणात पांढऱ्या गेंदाची बटणे आणि गवतात आमऱ्या. भाद्रपदात निळे, जांभळे, गुलाबी. नवरात्राच्या तोंडाशी पिवळे. दसऱ्यानंतर गवत सोनेरी होते आणि खेळ आटोपतो. पावसाप्रमाणे आठपंधरा दिवस मागेपुढे होते ते निराळेच.

हे सर्व कोणी शोधले, कोणी लिहिले? ही हकीगत मला फार आवडते, कारण ती बहुतांशी हौशी माणसांची आहे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ साली निघाली ती जॉन ग्रॅहॅम यांची, आणि हे गृहस्थ टपालखात्यात होते. यादी पूर्ण छापून झालेली पाहण्यापूर्वीच खंडाळ्याला त्यांचा अंत झाला. सड्यावरच्या त्या गुलाबी तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स लॉई. त्यातले लॉ हे मुलकी अधिकारी. १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा जो ग्रंथ निघाला आणि जो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो, तो लिहिणारे थिओडोर कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेचे, प्राचार्य होते. खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध करणारे सांतापाव हे ख्रिस्ती धर्मगुरू. आपल्या मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर मात्र हाडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ. कलकत्त्यात अध्यापन करून ते पुण्यात आले आणि १९४६ साली त्यांनी तेथे संशोधनसंस्था उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कवल्याच्या एका जातीलाही त्यांचे नाव आहे, स्मिथिया आघारकरी. अलीकडे, २००१ साली, श्रीकांत इंगळहळीकर यांचे 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे छायाचित्रांचे पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाची मोठी सोय झाली.

आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. फुलाकडे धरला की नाव सांगतो. मी तोही वापरतो, लपवीत नाही. परंतु फोनला उत्तर देण्याची घाई फार. एकदा त्याने मला सड्यावरच्या फुलाचे नाव सांगितले ते कोण्या दूरच्या देशातल्या बागेतल्या झाडाचे. फोनला पायाखालचा कातळ दिसत नाही, पान मागून कसे आहे ते दिसत नाही. म्हणून छायाचित्रे चार घ्यावीत: सबंध झाड आणि त्याची जागा, पानांची मांडणी, फूल समोरून, आणि फूल मागून. फुलाची पाठ कोणी पाहत नाही, आणि ओळख पुष्कळदा तेथेच असते. मापासाठी शेजारी एक रुपया ठेवावा. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तारीख-ठिकाण लिहावयास वही, एवढे साहित्य पुरे.

तारीख आणि ठिकाण यांवर मी इतका जोर का देतो, ते सांगितले पाहिजे. सांगताना लाज वाटते. तरुणपणी, पावसाळ्यातच, साताऱ्याच्या डोंगरात भटकताना मला गवतात एक कंदीलपुष्प दिसले. आपल्यापैकी ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वीतभर झाडाला खाली फुगीर, वर निमुळती नळी, आणि टोकाशी पाकळ्या जुळून झालेली कंदिलाची जाळी. बारीक माश्या वासाने आत शिरतात. आतले केस खाली वळलेले असल्यामुळे त्यांना बाहेर पडता येत नाही. फूल जून होऊन केस सुकले की त्या सुटतात आणि अंगाला लागलेला पराग घेऊन दुसऱ्या कंदिलात जातात. कोंडून ठेवतो, पण मारीत नाही! सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या काही जाती मोजक्या डोंगरांखेरीज जगात कोठेही नाहीत. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला संग्रह करण्याचा नाद होता. मी ते कंदासकट उपटले, वर्तमानपत्रात दाबले आणि घरी आणले. वहीत काही लिहिले नाही; लक्षात राहील असे वाटले.

पुष्कळ वर्षांनी ते एका जाणकार प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे कोठे मिळाले?" मी म्हटले, साताऱ्याच्या बाजूला. "कोणता डोंगर? कोणता महिना?" मला सांगता येईना. फुलाचा रंग उडाला होता, नळी चपटी होऊन फाटली होती. त्यांनी कागद मिटला आणि माझ्या हाती परत दिला. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागले. पुढे ती जागा शोधावयास मी दोनदा गेलो. मला वाटते ती जागा तीच असावी. तेथे आता रस्ता रुंद झाला आहे आणि गाड्या वळवण्यासाठी मुरूम टाकून सपाटी केली आहे. तेव्हा तेथे एकच झाड होते की दहा, हे आता कोण सांगणार?

नावाला महत्त्व आहे ते एवढ्यासाठी. सातबाराचा उतारा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात लागवडीला न येणाऱ्या जमिनीसाठी 'पोटखराबा' म्हणून रकाना असतो. सड्याची जमीन त्यात जाते. महसूलखात्याची त्यात चूक नाही, तेथे ज्वारी येत नाही हे खरेच आहे. पण ज्याला आपण खराबा म्हणतो त्याच्याविषयी कोणी विचारणार नाही, हे ओघानेच आले. सड्यावरच्या डबक्यांत एक पाणवनस्पती उगवते. तिच्या पाण्याबाहेर आलेल्या दांड्याला दोन तुरे फुटतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे, म्हणून तिला वायतुरा म्हणतात. साताऱ्याची गुरे त्या डबक्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाणी पीत आली. पण शास्त्राच्या दप्तरात तिची नोंद १९८२ साली झाली, अपोनोजेटॉन सातारेन्सिस या नावाने. गावाचे नाव लागले! त्यानंतर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. पवनचक्कीला माझा विरोध नाही. विजेशिवाय सोलापूरचे माग चालणार नाहीत, हे मला कळते. पण खांब कोठे रोवावा आणि रस्ता कोठून न्यावा, हे विचारताना एखादे डबके चुकवता येते, आणि ते चुकवावे असे सांगावयास त्या डबक्यात कोण राहते हे ठाऊक असावे लागते.

कासचे दैव जरा बरे. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कास आहे. मग माणसांची रीघ लागली. फुलांत लोळून फोटो काढणारे महाभाग मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. पुढे स्थानिक गावकऱ्यांच्या समितीमार्फत शुल्क आणि दिवसाच्या माणसांची मर्यादा आली, ते फार चांगले झाले. लोखंडी जाळीचे कुंपणही घातले गेले, आणि येथे एक गंमत झाली. कुंपणाने माणसांबरोबर गुरेही अडवली. चरणारी गुरे गेली तसे गवत उंच झाले आणि ठेंगण्या फुलांना ऊन मिळेना, असे गावकरी आणि काही अभ्यासक म्हणू लागले. अखेर जाळी काढावी लागली. घोंगडीवाले म्हातारबुवा आज असते, तर मिशीत हसले असते.

जाता जाता आपल्या घरचे सांगतो. सोलापूरचा माळही पोटखराब्यातच मोडतो. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले म्हणून त्या माळाकडे पाहण्याची आपल्याला सवय लागली, तीही पक्ष्यापुरती. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की त्या मुरमाड जमिनीवर विष्णुक्रांता येते, नखाएवढे निळे फूल, सकाळी उघडते आणि उन्हे चढली की मिटते. पिवळा तरवड तर आपल्या दाराशीच आहे. गेल्या दोनतीन पावसाळ्यांपासून आम्ही काही जण रविवारी सकाळी सात वाजता माळावर जातो. भिंगे दोन आहेत, वही एक आहे. आतापर्यंत एकशे तेरा जातींची नोंद झाली. त्यांपैकी एकवीस आमच्याच्याने अजून ओळखवलेल्या नाहीत आणि त्यांची छायाचित्रे जाणकारांकडे पाठवली आहेत. त्या एकविसांपुढे जागा कोरी ठेवली आहे, पण ठिकाण आणि तारीख प्रत्येकीपुढे लिहिली आहे.

तरवडाची एक फांदी आणि भिंग मी आज बरोबर आणले आहे. तरवडाची पाने संयुक्त आहेत, शेंगही येते, पण फूल तुरीसारखे नाही. का नाही, ते ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर या टेबलापाशी यावे. आमच्या स्नेह्यांनी आधी यावे.